लटारूभाऊची फांदी

मागच्या वर्षी मे महिन्यात आमच्या ग्रुपवर जेवढा संताप उसळला, तेवढा मी कोणत्याही निवडणुकीत पाहिला नाही. ग्रुप गळाने मासे धरणाऱ्या हौशी लोकांचा. माणसं बावीस. त्यात एक दातांचा डॉक्टर, दोन ठेकेदार, एक बँकेतला साहेब आणि आरमोरीच्या शाळेत मराठी शिकवणारा मी. निमित्त होतं एका कागदाचं. आरमोरीपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर, जंगलाच्या कडेला एक जुना तलाव आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या मच्छीमार सोसायटीने सभेपुढे ठराव ठेवला होता, की यापुढे रबरी बेडूक, रबरी मासोळी, रबरी गांडूळ असलं कोणतंही मऊ आमिष गळाला लावून तलावात टाकायचं नाही. मासे ते गिळतात, ते पचत नाही आणि मासे वाळून मरतात, असं कारणही खाली लिहिलं होतं.

झालं. डॉक्टरांनी रात्रीतून चार लेख पाठवले, त्यातला एकही त्यांनी स्वतः वाचला नसावा. एका ठेकेदाराने विचारलं की गणपती बुडवतात तेव्हा ही सोसायटी कुठे असते. दुसरा म्हणाला, यांची स्वतःची जाळी नायलॉनची, आणि नाक मुरडतात आमच्या बेडकावर. हे दुसऱ्याचं म्हणणं काही अगदीच खोटं नव्हतं. विक्की हा आमचा म्होरक्या. चंद्रपुरात त्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे आणि ग्रुपमधला सगळ्यात महाग रॉड त्याचा. त्याने लिहिलं, सभेला आपण जायचंच, आणि ठराव पाडायचाच. बेडकावरून बावीस घोडे असे चौखूर उधळलेले मी पहिल्यांदा पाहिले. मीही त्यातलाच एक. मी लिहिलं होतं, 'सहमत.'

त्या शे-दीडशे मेसेजांत लटारू पचारे हे नाव फक्त एकदा आलं. विक्कीनेच लिहिलं होतं, 'लटारूला गुरुजी पटवतील.' गुरुजी म्हणजे मी.

लटारूभाऊ ढिवर, पिढीजात मासे धरणारा. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, अंग काटक, आणि उजवा हात छातीच्या वर उचलत नाही. हा हात त्या तलावानेच घेतला. नऊ वर्षांपूर्वी पौषात मोठं जाळं ओढताना जाळं खाली बुडालेल्या खोडाला अडकलं. बाकीच्यांनी दोर सोडला, याने सोडला नाही. खांदा निखळला. गावातल्या जाणत्याने तो बसवला, पण वाकडा बसवला. आणि त्या सोसायटीची रीत अशी, की जो जाळं ओढेल त्यालाच मासळीत वाटा. यात कोणाचा दुष्टपणा नाही. आजोबा-पणजोबांपासून हेच चालत आलंय. पण चाळीस वर्षं दोर ओढलेला माणूस एका सकाळी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, नुसता बसून राहिला, आणि जाळं निघाल्यावर वाटे पडले तेव्हा त्याचा वाटा पडला नाही.

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते असंच पाळीवर बसलेलं. मी नागपूरहून नवा रॉड आणि रबरी बेडूक आणले होते आणि सकाळपासून ते बेशरमाच्या झुडपांत अडकवत होतो. तो बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "गुरुजी, मासा तिथी नाई. थो कमळाच्या बुडाखाली बसला हाये." मी दाखवलं तिथे टाकला. बेडूक कमळाच्या पानावरून टुणकन पाण्यात उतरला, आणि पाणी फुटलं. दीड हात लांब मरळ होती. मी मासा कुठून धरावा ते शोधत होतो आणि हा माणूस बिडी पेटवत होता.

तेव्हापासून तो आमचा झाला. मरळ कुठे बसते, ढग आले की कुठे सरकते, हे त्याला घरच्या माणसाच्या सवयींसारखं ठाऊक. मी त्याला एक जुना रॉड दिला. उजव्या हाताने फेकता येईना, म्हणून तो डाव्या हाताने, कमरेच्या खालून, बेडूक पाण्यावर सरकवत फेकायला शिकला आणि आम्हा सगळ्यांपेक्षा चांगलं फेकू लागला. दर रविवारी आमच्यासारखे गळवाले पाहुणे येत. जाताना त्याच्या हातात काही ना काही ठेवत. तलावाच्या पाळीवरून उठवलेला माणूस पुन्हा तिथे मानाने बसू लागला. त्याला पोटापेक्षाही याचंच जास्त होतं, असं मला वाटतं. सोसायटीचा अध्यक्ष मुखरू वयाने त्याच्याहून लहान. तोसुद्धा मरळीबद्दल काही अडलं तर लटारूभाऊला विचारायला येई.

आता फांदीचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मृगापासून पोळ्यापर्यंत मरळीला पिल्लं असतात. लालसर, तांदळाच्या दाण्याएवढी, शेकड्यांनी. त्यांचा गोळा पाण्याच्या वरच्या अंगाला बुडबुडत फिरतो आणि आई-बाप त्याच्या खाली पहारा देत फिरतात. गावातले लोक तिला लेकुरवाळी म्हणतात. असा गोळा ज्याच्या नजरेला पडेल त्याने समोरच्या काठावर करंजाची हिरवी फांदी चिखलात गाडायची. ती दिसली की दुसऱ्याने तिथे जाळंही टाकायचं नाही आणि गळही टाकायचा नाही. फांदी वाळून पानं गळेपर्यंत पिल्लं मोठी होतात, मग तलाव मोकळा. कुठे लिहिलेलं नाही, दंड नाही, पण मोडलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. ओळखीच्या पहिल्याच पावसाळ्यात लटारूभाऊने मला ही फांदी दाखवून सगळं समजावून सांगितलं, जसं मी पोरांना कविता समजावतो तसं. मला फार आवडलं. मी वहीत टिपूनसुद्धा ठेवलं.

मग तो डबा खायला पाळीच्या पलीकडे गेला, आणि मी त्या फांदीसमोर बेडूक टाकला.

का टाकला? बघू तरी, असं वाटलं. लेकुरवाळी मरळ भुकेने झडप घालत नाही, पिलांवर कोणी आलं म्हणून घालते. त्यामुळे ती चुकत नाही. पहिल्याच फेकीला आली. फोटो काढला, आणि सोडलीही. लटारूभाऊ परत आला तेव्हा पाणी अजून हलत होतं. त्याने फांदीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "गुरुजी, थे लेकुरवाळी होती." मी हसत म्हणालो, सोडली की हो तिला. संध्याकाळी मी फोटो ग्रुपवर टाकला, आणि खाली शिक्षकी खोड म्हणून युक्तीही लिहिली, की काठावर हिरवी फांदी दिसली तर तिथेच टाका, मासा हमखास.

पुढच्या वर्षापासून पाहुणे गाडीतून उतरले की आधी फांद्या शोधत. लटारूभाऊ पूर्वीसारखाच पहाटे तलावाला फेरी मारी आणि गोळा दिसला की फांदी गाडायचा. तो गाडायचा, आणि आम्ही तिथे टाकायचो. त्याला हे कळत नव्हतं असं नाही. पण आम्ही कधी बोललो नाही, आणि तोही बोलला नाही.

त्यानंतर दरवर्षी मरळ कमी होत गेली. आम्ही म्हणायचो, हवामान बदललं.

सोसायटीतल्या नीलाबाई आरमोरीच्या बाजारात मासळी विकत. ठरावाच्या त्या उन्हाळ्यात त्यांनी गिऱ्हाइकासमोर एक मरळ चिरली. डोकं मोठं आणि अंग काडीसारखं. पोटात रबरी बेडूक निघाला, फुगून मुठीएवढा झालेला. गिऱ्हाईक मासा टाकून गेलं. नीलाबाईंनी तो बेडूक पिशवीत घालून मुखरूच्या पुढ्यात नेऊन ठेवला, आणि त्यातून तो ठराव निघाला.

सभेच्या आदल्या दिवशी मी लटारूभाऊच्या घरी गेलो. विक्कीने माझ्याबरोबर निरोप धाडला होता: ठराव पडला तर आम्ही पाळीवर टिनाचं शेड बांधू, एक होडी देऊ, आणि ती लटारूभाऊच्या ताब्यात राहील. त्याने फक्त सभेत एवढंच सांगायचं की रबराने मासा मरत नाही. मरळीबद्दल त्याचा शब्द गाव मोडत नाही, हे विक्कीला ठाऊक होतं. गुणाबाईंनी, म्हणजे लटारूभाऊच्या बायकोने, चहा दिला. मग आत गेल्या आणि बिस्किटांचा एक जुना डबा आणून माझ्यासमोर उघडला. आत रबरी बेडूक होते. अकरा. काही काळे पडलेले, काही फुगून पांढुरके. त्यातल्या एकाला मी स्वतः लाल दोरा गुंडाळला होता.

"दोन साल झाले, मासा चिरते अन् हे निंगते," त्या म्हणाल्या. "कोनाले दाखवलो नाई. दाखवलो असतो तर याईचं पाळीवर बसनं बंद झालं असतं. गुरुजी, तुमीच सांगा याईले, काई होत नाई म्हना म्हनून."

लटारूभाऊ ओसरीच्या खांबाला टेकून डाव्या हाताने उजवा खांदा चोळत होता. त्या घराचं दार तलावाकडे आहे. बसल्या जागेवरून पाणी दिसतं. मी त्याला म्हणालो, खोटं बोलायला कोणी सांगत नाही, तुम्ही फक्त 'मला ठाऊक नाही' एवढं म्हणा. तीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवणाऱ्या माणसाने ही पळवाट किती सहज काढली, ते लिहिताना आता शरम वाटते. त्याने खांदा चोळणं थांबवलं.

"अन् फांदीचं इचारलं तं?"

"फांदीचं कोण विचारतंय," मी म्हणालो.

रविवारी सकाळी पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली सभा भरली. सोसायटीचे चाळीसेक सभासद, चार-पाच बाया, आणि दोन गाड्या भरून आम्ही. विक्की छान बोलला. आम्ही मासा मारत नाही, फोटो काढून पाच मिनिटांत सोडतो. आमच्यामुळे गावाचं नाव होतं. रबर बंद करायचं तर मग नायलॉनचं जाळंही बंद करा. माना हलताना दिसत होत्या. पाहुण्यांकडून सोसायटीला वर्षाची फी मिळत होती, तीही काहींना सोडवत नव्हती. नीलाबाईंनी आपला बेडूक दाखवला, तर मागून कोणी म्हणालं, एका मासोळीवरून काय ठरते. मुखरू दोन्हीकडे बघत होता. ठराव पडणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. मग मुखरू म्हणाला, मरळीचं ज्याला कळते त्याला विचारू, आणि त्याने लटारूभाऊला उभं केलं.

त्याने इस्त्रीचा सदरा घातला होता. तो उठला, आमच्याकडे पाहिलं नाही, तलावाकडे पाहिलं.

"रबरानं किती मरतेत थे मी मोजलो नाई," तो म्हणाला. "बाईनं डबाभर बेडूक काढले पोटातून, थे घरी हायेत. पन मले फांदीचं सांगाचं हाये. फांदी मना कराची रायते. मी गाडलो, अन् पावणे फांदी पाहूनच तिथी बेडूक टाकत. पयल्या साली मले समजलं नाई. दुसऱ्या साली समजलं. तरी गाडलो."

मुखरूने हळू आवाजात विचारलं, काऊन?

"पावन्याइले मासा भेटे. मासा भेटला का थे मलेच बलावत. नाई तं माह्यासारख्या लुळ्याले इथी कोन बसू देते."

विक्की मधेच म्हणाला, की पण आम्ही तर मासा सोडून देत होतो. लटारूभाऊ पहिल्यांदाच त्याच्याकडे वळला. "माय पाच मिनिटं वर आली का खाली पिल्लू एक रायत नाई, साहेब. बाकीचे मासे टपूनच रायतेत. तुमी सोडली थे मरळ खाली जाऊन कोनाले पाहे?"

मुखरूने विचारलं, फांदीवर पहिल्यांदा कोणी टाकला. त्या क्षणी लटारूभाऊने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, डोळा लवेपर्यंत. मी चपलेखालच्या मातीकडे बघत होतो. तोंड उघडायला एवढीच वेळ होती, आणि मी ती घालवली.

"आता थे काढून काय करता," तो म्हणाला. "गाडनारा मी होतो."

ठराव मंजूर झाला. हात मोजायची गरजच पडली नाही. नंतर दुसरा ठराव झाला, तो कागदावर आधी नव्हता. लटारू पचारे याने यापुढे तलावाच्या पाळीवर गळ, काठी किंवा जाळं घेऊन यायचं नाही. मुखरू तो लिहिताना दोनदा थांबला, पण म्हाताऱ्या लोकांनी ऐकलं नाही. पाहुण्यांचं रबर बंद झालं होतं, पाहुणे नव्हे. कणकेचा गोळा किंवा गांडूळ लावून आम्ही अजूनही येऊ शकत होतो. तलावावरून गेला तो एकटा लटारूभाऊ. त्याच्या ठरावाला मुदत लिहिली नव्हती.

गाडीत बसताना विक्की म्हणाला, म्हाताऱ्याने स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला. कोणी हसलं. मी खिडकीची काच वर केली.

त्या हिवाळ्यात लटारूभाऊ आणि गुणाबाई मिरची तोडायला तेलंगणात गेले. आमच्याकडून ट्रक भरभरून माणसं जातात, त्यात काही नवल नाही. पण हा माणूस आयुष्यात मार्कंड्याच्या जत्रेपलीकडे गेला नव्हता. एका हाताने तोडणार तरी किती? चैतात परतले तेव्हा त्याच्या डाव्या हाताची बोटं मिरचीने सोलून निघाली होती, आणि उजवा हात आता कोपरातही वळत नव्हता. हे मला गुणाबाईंनी बाजारात सांगितलं. त्या स्वतः दुसऱ्यांची मासळी चिरून द्यायच्या कामाला लागल्या होत्या. लटारूभाऊचं बसणं त्यांनी मी न विचारताच सांगितलं: ओसरीवर बसत नाहीत आता, घरामागे बसतात, शेणखताच्या खड्ड्याकडे तोंड करून.

आम्ही तोवर दुसरा तलाव शोधला होता. धानोऱ्याच्या बाजूला, आत, माडिया-गोंडांच्या गावात. तिथे सोसायटी नाही, ठराव नाही. ग्रुप पुन्हा खुशीत होता. यंदा जुलैत मीही गेलो. नाही म्हणायला काही कारण सुचलं नाही.

सकाळची वेळ होती. पाणी मातकट, काठाला लव्हाळं. विक्की पुढे होता. तो थांबला, मागे वळला आणि हाताने खूण केली. काठावरच्या चिखलात एक फांदी रोवलेली होती. मोहाची, ताजी, पानांवर अजून दव. समोर हातभर अंतरावर लाल पिलांचा गोळा बुडबुडत होता.

"गुरुजी, तुमचा मान," तो म्हणाला.

सगळे माझ्याकडे बघत होते. ही युक्ती माझी होती ना! मी बेडूक टाकला. खोटं कशाला लिहू? टाकला. ती आली, चांगली मोठी होती, फोटो काढला, सोडली. मी रॉड गाडीत ठेवून पाण्याकडे पाहिलं तेव्हा गोळा नव्हता. दोन-चार पिल्लं लव्हाळ्याच्या मुळाशी वेगवेगळी फिरत होती.

परतताना मी गाडीतून मधेच उतरलो आणि लटारूभाऊकडे गेलो. तो खरंच घरामागे बसला होता. मला पाहून उठायला लागला, मी बसवलं. आम्ही बराच वेळ पावसापाण्याचं बोललो. मग मी त्याला सगळं सांगितलं, धानोऱ्याकडचं, फांदीसकट, मी टाकला तेही. वाटलं, हा शिव्या देईल. मला त्या हव्या होत्या.

तो बोटांवरच्या मिरचीच्या वणांकडे बघत राहिला.

"तिकडं बी गाडतेत का," तो म्हणाला. "असंन कोनी म्हातारा."

"असेल."

"त्याले सांगून ठेवजा गुरुजी. फांदी गाडू नको म्हना."

त्याला तीन महिने झाले. धानोऱ्याच्या त्या तलावावर मी त्यानंतर दोनदा जाऊन आलो, आणि दोन्ही वेळा तो म्हातारा मला काठावर फांदी गाडताना दिसला. मी त्याला अजून काही सांगितलेलं नाही.